दुकानात चार्ज होणारा फोन

संचिताचा फोन गुरूच्या दुकानात चार्ज व्हायचा आणि घरी आला की व्हायचा नाही. खरं तर एवढंच घडत होतं. पण त्या मार्च महिन्यात धनेशच्या डोक्यात दुसऱ्या कशालाही जागा उरली नव्हती.

धनेशची सर्जेकोट बंदरात स्वतःची होडी होती. तो आणि त्याचा भागीदार लवू अंधारातच समुद्रात जायचे आणि ऊन तापायच्या आत मासळी घेऊन परतायचे. पूर्वी ही मासळी बंदरावरच्या लिलावात येईल त्या भावाला सुटायची. संचिता लग्न होऊन आली आणि तिने हे बदललं. तारकर्ली-देवबागच्या होमस्टेवाल्यांचे नंबर तिने एकेक करून जमवले. होडी लागली की ती टोपलीतल्या मासळीचा फोटो काढून पाठवायची, आणि घरी पोचेपर्यंत सुरमई कुणाची, सरंगा कुणाचा, हे ठरलेलं असायचं. उरलेली मासळी ठेवायला धनेशने बंद पडलेल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातला जुना फ्रीझर आणून मागच्या पडवीत बसवला. त्याची वायर त्याने स्वतः ओढली. घरातलं सगळंच लाइट फिटिंग त्याच्या हातचं होतं आणि आल्यागेल्याला ते सांगितल्याशिवाय त्याला राहवायचं नाही.

घरी असला की संचिताचा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचा, कारण घरात रेंज मिळायची ती तिथेच. खिडकीखालीच बोर्ड होता. धनेशचा फोन साधा, बटणांचा. आठवड्यातून दोनदा झोपायच्या खोलीत लावला की त्याचं भागायचं.

फेब्रुवारी संपत आला तसा संचिताचा फोन त्रास द्यायला लागला. पिन लावली की विजेची खूण उमटायची, मग आपोआप जायची, थोड्या वेळाने परत यायची. रात्रभर लावलेला फोन सकाळी बघावा तर जेमतेम पाव भरलेला. ऐन पर्यटकांच्या दिवसांत फोन दुपारी मान टाकायचा आणि होमस्टेवाले दुसरीकडून मासळी घ्यायचे.

म्हणून ती मालवणच्या बाजारात गुरुप्रसादच्या दुकानात गेली. गुरुप्रसाद तिच्याच गावचा, रेडीचा. दोघं एका शाळेत, एका वर्गात. तो कुडाळच्या जान्हवीशी लग्न करून मालवणात स्थायिक झाला होता आणि बाजारपेठेत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बरं चाललं होतं. त्याने फोनच्या चार्जिंगच्या भोकातून सुईने कचरा काढला. पिठाचा, मसाल्याचा, कपड्याच्या धाग्यांचा मिळून एक गोळाच निघाला. मग फोन लावला. तासभर खूण हलली नाही. संचिता खुशीत घरी आली, खिडकीत फोन लावला, आणि संध्याकाळी परत तेच.

ती पुन्हा गेली. गुरूने केबल बदलून दिली. दुकानात चार्ज झाला, घरी नाही. ती तिसऱ्यांदा गेली. गुरूने चार्जर बदलला. दुकानात झाला, घरी नाही.

तोवर धनेशला काही वाटलं नव्हतं. होडी रंगवायला काढली होती, त्या दिवशी तो मोकळा होता, म्हणून त्यानेच तिला गाडीवरून बाजारात नेलं. दुकानात शिरताच काउंटरमागून आवाज आला, "काय गो संचू, परत?"

संचू. धनेश तिला संचिता म्हणायचा, नाहीतर नुसतं "गो". तिचं नाव असं लहान करता येतं हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"तूच बघ आता," संचिता म्हणाली. "तुझो चार्जर तुझ्या दुकानापुरतोच आसा."

गुरू हसला. तीही हसली. धनेश दारात हेल्मेट हातात धरून उभा होता. ती गुरूला 'तू' म्हणत होती. नवऱ्याला ती 'तुमी' म्हणायची, सगळ्याच बायका म्हणतात तशी, आणि त्यात त्याला आजवर मान वाटत आला होता. आता त्याच शब्दात त्याला अंतर ऐकू आलं.

"बस मा धनेश, च्याय सांगतंय," गुरू म्हणाला.

"नको. काम आसा."

काम काहीच नव्हतं. संचिताचं होईपर्यंत तो बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला. परत येताना कोळंबच्या पुलावर त्याला लग्नातली एक गोष्ट आठवली. संचिताची एक मावशी जेवताना थट्टेत म्हणाली होती, "आमच्या गुरूच्या आवशीन लग्नाचा विचारल्यान होता हिका. पण तेवा तेका कामधंदो नाय होतो." सगळे हसले होते, धनेशही. आज त्याला ते हसू आठवून स्वतःचाच राग आला. म्हणजे गुरूला तेव्हा दुकान असतं, तर ती आज त्या काउंटरमागे असती. मधे फक्त एक दुकान होतं, आणि आता तेही झालं होतं.

घरी आल्यावर संचिताने भाजी चिरता चिरता सहज सांगितलं, "अवो, गुरू म्हणता, फोनात काय नाय. घरातलो बोर्ड एकदा बघूक होयो. लाइन कमीजास्त होत असतली."

"काय म्हणता?"

"बोर्ड बघा म्हणता."

"तेका काय म्हायत माझ्या घरातलो बोर्ड? इलो होतो काय तो हय?"

त्याचा आवाज इतका चढला की माजघरात तांदूळ निवडत बसलेल्या त्याच्या आईने, विमलाने, मान वर केली.

"येवक कशाक होयो?" संचिता म्हणाली. "थय होता नी हय नाय होणा, म्हणान तो म्हणालो."

"ह्या घरातली सगळी लाइट मी केलंय. इतकी वर्सां कोणाचा काय जळला नाय. तेका सांग, फोन दुरुस्त कर. माझा घर दुरुस्त करू नको."

 त्यानंतर संचिताने बोर्डाचं नाव काढलं नाही. तसं पाहिलं तर स्वयंपाकघरातला दिवा अधूनमधून मिणमिणायचा, पण गावात लाइट अशीच असते म्हणून कुणी तिकडे बघत नसे.

धनेशने ठरवलं, हा फोन आपणच बरा करायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी संचिता विहिरीवर गेली तेव्हा त्याने फोन घेतला आणि जाळी शिवायच्या पेटीतली एक बारीक सुई काढली. गुरू जे करतो त्यात एवढं काय मोठं आहे? फोन उजेडात धरून तो भोकात सुई फिरवायला लागला. कचरा काही निघाला नाही. आत कुठेतरी सुई अडली, त्याने जोर केला.

"मोडतली ती!" दारातून संचिता ओरडली. कळशी तशीच ठेवून ती धावत आली आणि तिने फोन त्याच्या हातातून हिसकावून घेतला. "तुमका काय कळता ह्यातला?"

"तेका कळता, माका नाय. असाच मा?"

"मी असा म्हणालंय?"

ती तसं म्हणाली नव्हती. पण त्याने ते ऐकलं होतं, आणि आता ऐकलेलं परत देता येत नव्हतं.

मग त्याला सगळंच दिसायला लागलं. बाजारात जाताना ती केस परत विंचरते. घरातला गाउन बदलून ड्रेस घालते. हे ती पूर्वीही करायची. बाजारात कोण गाउन घालून जाणार? पण आता तो खाटेवर पडून डोळे अर्धे मिटून बघायचा आणि मनात नोंद करायचा. कुठला ड्रेस. टिकली कुठली. परत आल्यावर चेहरा कसा आहे. फोन भरून आलेला असला की तिचा चेहरा हलका असायचा, आणि तो हलका चेहराच त्याला सहन होत नव्हता. कधी तर फोन चार्ज झाला नाही की त्याला आतून बरं वाटायचं आणि लगेच दुसरा विचार यायचा: आता उद्या परत जाईल.

समुद्रातही त्याची सुटका नव्हती. एकदा जाळी ओढता ओढता लवू म्हणाला, "वयनीक काल बाजारात बघलंय. गुरूच्या दुकानात बसलली होती."

"मगे?"

"मगे काय मगे? बघलंय म्हणान सांगतंय."

"बसलली म्हणजे खंय? भायर काय भुतूर?"

लवूने जाळीवरचा हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "मेल्या, तुका काय झाला?"

 भायर काय भुतूर, हा प्रश्न किनारा येईपर्यंत धनेशच्या सोबत राहिला.

आणि मग तो दिवस आला. जाळ्याला पापलेट लागलं होतं, पुष्कळ दिवसांनी एवढं चांगलं. धनेशने बंदरातून संचिताला फोन केला, बंद. तो घरी गेला. विमला म्हणाली, "फोन मेलो म्हणान बाजारात गेली ती. येतली इतक्यात." टोपली लवूच्या भरवशावर सोडून धनेश गाडीवर बसला.

दुकानात संचिता भुतूर होती. काउंटरच्या आत, स्टुलावर, हातात चहाचा ग्लास. फोन भिंतीला लावलेला. गुरू एका गिऱ्हाइकाच्या फोनचं झाकण उघडत काहीतरी शाळेतलं सांगत होता, मास्तरांची नक्कल करत होता, आणि संचिता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. धनेशने तिला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं ते त्याला आठवेना. 

"झालो चार्ज?" त्याने विचारलं.

तिने वळून पाहिलं. "अवो, तुमी? होडी इली? थांबा, इतक्यात—"

"नको. हयच ठेव फोन. नी तू पण हयच रव. तुका नी फोनाक दोघांकय हयच बरा वाटता. घरात कोणच चार्ज होणा नाय."

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती.  एक बाई आपल्या पिशवीत काहीतरी शोधायला लागली. गुरू उभा राहिला, त्याच्या हातात तो बारीक स्क्रू ड्रायव्हर तसाच होता.

"धनेश, काय बोलतस तू? लोकां आसत हय."

"लोकांकय कळांदे."

संचिताने चहाचा ग्लास खाली ठेवला. भिंतीचा फोन काढला, केबल नीट गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि दोघांच्याही मधून बाहेर पडली. ती गाडीवर बसली नाही. रिक्षाने घरी गेली. त्या संध्याकाळी तिने जेवण वाढलं, भांडी घासली आणि सकाळी पहिल्या एसटीने रेडीला निघून गेली. जाताना फक्त विमलाच्या पाया पडली.

"काय केलंस तू?" विमलाने विचारलं.

"मी काय करतलंय?"

"मगे ती गेली कशाक?"

धनेश जाळी घेऊन बाहेर जाऊन बसला.

त्याला वाटलं होतं, ती रागाने फोन तरी करणार नाही. पण दुसऱ्याच सकाळी होडी लागायच्या वेळेला तिचा फोन आला. आवाज अगदी कोरडा, एखाद्या व्यापाऱ्यासारखा. "देवबागवाल्यांका सुरमय व्हयी. तारकर्लीक बांगडो चलात. लवूक सांगा, बर्फ घालून पाठव म्हणान." रेडीत बसून ती सगळा व्यवहार तसाच चालवत होती. तिसऱ्या दिवशीही तेच. कामाचं बोलणं संपल्यावर ती फोन ठेवणार तोच धनेशने विचारलं, "फोन बंद पडाक नाय तुझो?"

"नाय. रात्री लावतंय, सकाळी भरललो असता."

तिने हे मिरवून सांगितलं नाही. तेच त्याला जास्त लागलं. रेडीला फोन कसा चार्ज होतो? गुरूच्या दुकानाबाहेर तर तो होत नव्हता. आणि मग, उत्तर सुचायच्या आधीच, त्याच्या तोंडून निघून गेलं, "गुरू इल्लो काय थय?"

 पलीकडून फोन बंद झाला.

धनेशने गाडी काढली आणि तडक मालवण गाठलं. रविवार होता, बाजारात पर्यटकांची गर्दी होती. समोरच्या दुकानाच्या आडोशाला उभं राहून त्याने पाहिलं. गुरुप्रसाद आपल्या जागेवर मान खाली घालून काम करत होता. रेडीला वगैरे कुठे गेला नव्हता. आणि आज काउंटरच्या आत, त्या स्टुलावर, त्याची बायको जान्हवी बसली होती. ती काही काम करत नव्हती. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होती.

धनेश तसाच परतला. आपण काय बघायला गेलो होतो, हे स्वतःशी बोलायचीही त्याला लाज वाटली.

घरात विमला शेजारी गेलेली. तो स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसला. काही सुचत नव्हतं म्हणून त्याने आपला बटणांचा फोन काढला, शेल्फवरचा चार्जर घेतला आणि खिडकीखालच्या बोर्डात लावला. पडद्यावरच्या बॅटरीच्या आडव्या रेघा एकामागून एक चढायला लागल्या. चढत होत्या की! तो कडवट हसला. बोर्ड बघा म्हणे.

मागच्या पडवीत फ्रीझर घरघरला. स्वयंपाकघराच्या भांड्यांच्या मांडणीत एक वाटी थरथरली. आणि पडद्यावरच्या रेघा थांबल्या.

त्याने पिन हलवली, चार्जर दाबला. काही नाही. तो तसाच बघत बसला. बऱ्याच वेळाने फ्रीझर आवाज करून थांबला आणि रेघा परत चढायला लागल्या. योगायोग असेल, असं म्हणून तो उठला नाही. परत घरघर सुरू झाली. परत रेघा थांबल्या.

धनेशने मेन स्विच बंद केला. बोर्ड उघडून पाहिला, तो चांगला होता. मग बोर्डातून निघालेली वायर हाताने चाचपत तो मागे गेला, पोटमाळ्याखाली, जिथे त्याने फ्रीझरसाठी जोड मारला होता. अंधारात बोटांना काहीतरी चिकट लागलं. टॉर्च आणून बघितलं. काळी टेप वितळून वायरींना चिकटली होती. टेप सोलली तर आतलं तांबं खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं, आणि जिथे दोन वायरी पिळल्या होत्या तिथे काळं. फ्रीझर चालू झाला की सगळी वीज त्या अर्धवट जोडातून ओढली जायची आणि पुढच्या बोर्डाला काही उरायचं नाही. जोडामागच्या फळीवर हातभर काळा डाग पडला होता. त्याने नखाने खरवडलं. लाकूड कोळशासारखं निघालं.

विमला परत आली तेव्हा तो खालीच बसला होता. तिने वर पाहिलं, डाग पाहिला.

"ह्या पेटला असता," ती म्हणाली.

"हां."

"कोणी सांगूक नाय तुका?"

 दोघांनी सांगितलं होतं. एकाने सांगितलं म्हणून दुसरीचं ऐकलं नव्हतं.

या वेळी त्याने वायरमन बोलावला. फ्रीझरची लाइन वेगळी करून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी होडी लवूकडे देऊन तो रेडीला निघाला. वाटेत परुळं गेलं, वेंगुर्ला गेलं, आणि तो काय बोलायचं ते जुळवत होता. वायरीत फॉल्ट होता. आपल्याला सापडला. आता घरी फोन चार्ज होईल. त्याला वाटत होतं, हे सांगितलं की झालं.

संचिता मागच्या दारी काजूच्या बिया उन्हात पसरत होती. तो बोलत राहिला, ती बिया पसरत राहिली. फळीच्या डागापर्यंत आल्यावर तिचा हात थांबला.

"आये त्याच्याच खाली निजता दुपारची," ती म्हणाली.

"म्हायत आसा."

"बरा झाला गावला ता."

"मगे चल आता. गाडी आणलंय."

ती उठली, हात पदराला पुसले. "तुमका वायर जळलली गावली म्हणान तुमी इलात. वायर बरी असती तर?"

त्याला प्रश्न कळलाच नाही. "म्हणजे?"

"वायर बरी असती, बोर्ड बरो असतो, तरी फोन घरात चार्ज होवक नसतो. कसलातरी दुसरा कारण असता. मगे तुमी काय समाजला असतात? मी गुरूकडे फोनासाठी जातंय काय कशासाठी जातंय?"

धनेश खाली पाहू लागला. काजूच्या बियांवरून मुंग्यांची रांग चालली होती. खोटं बोलणं सोपं होतं. पण इतके दिवस मनातल्या मनात इतकं काही बोलून झालं होतं की आता त्याला तेवढंही बळ राहिलं नव्हतं.

"म्हायत नाय माका," तो म्हणाला. "अजून चिडलो असतंय बहुतेक."

"गुरू माझ्या वर्गातलो. तेच्याकडे गेलंय की दोन घटका मी रेडीतली असतंय. तेवढाच. हसलंय म्हणान तुमका राग इलो. घरात हसाक कोणी नको म्हणलेला काय माका?"

"नाय."

"तुमी घरी येतास नी निजतास. उठतास नी जाळी घेतास. मी बोललंय तर आयकतास काय? बोर्ड बघा म्हणालंय, तेवा पण आयकलात नाय."

आतून तिच्या वडिलांनी जेवायला हाक मारली. दोघं जेवले. जेवण झाल्यावर ती त्याच्यासोबत निघाली नाही. "गुरूची माफी मागा पयली," ती म्हणाली. "माझी नको. तेची. तेच्या दुकानात बोल्लास, तेच्या दुकानातच मागा."

दुसऱ्या दिवशी सकाळी धनेश मालवणला गेला. दुकानात गुरू नव्हता, सामान आणायला कुडाळला गेला होता. स्टुलावर जान्हवी होती.

"काय होया?" तिने विचारलं. मग ओळखून तिचा चेहरा बदलला. "तुमी ते संचिताचे मिस्टर."

"हां. गुरूकडे काम होता. माफी मागूची होती." त्याने घाईघाईने सगळं सांगून टाकलं: फ्रीझर, जोड, वितळलेली टेप. "तेंचा काय चुकलेला नाय. फॉल्ट आमच्या घरात होतो. मी भलताच बोल्लंय."

जान्हवी ऐकत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते डोळे धनेशने अलीकडे आपल्याच आरशात पाहिले होते.

"तुमच्या बोलण्यानंतर मी येवन बसतंय हय," ती म्हणाली. "रोज. माका घरात राहवणा नाय. ते काय बोलणत नाय, पण तेंका आवडणा नाय ता कळता. बाजारातली बाईमाणसा पण बघतत माझ्याकडे. तुमका फ्रीझर तरी गावलो. मी काय उघडून बघू?"

 आपण चार माणसांसमोर जे ओकलो, ते या बाईने घरी नेऊन पोटात ठेवलं होतं, आणि त्याला माहीत होतं ते आत काय करतं.

"वयनी," धनेश म्हणाला, "मी पण बघत होतंय. ड्रेस बघलंय, टिकली बघलंय, चोरासारखो समोरच्या दुकानाच्या आड रवान बघलंय. एवढा बघून काय गावला नाय. जेवढा बघलंय तेवढो वाढत गेलो संशय. नी जे खरा जळत होता, ते माझ्या डोक्यावरच होता. माझा आयकशात तर घरी जावा. मी बोल्लंय ता माझ्या डोक्यातला होता, बाकी खंयच नव्हता."

 विश्वास बसला असं जान्हवीच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. पण तिने त्याला बसायला दुसरं स्टूल पुढे केलं.

गुरू आला तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती. धनेश उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "गुरू, त्या दिवशी मी चुकीचा बोल्लंय. तू बोर्ड बघ म्हणालंस ता बरोबर होता. माका माफ कर."

गुरूने पिशवी खाली ठेवली. तो लगेच हसला नाही, हात पुढे केला नाही. "बरा झाला इलंस ता," तो म्हणाला. "पण खरा सांगू? माझ्या घरात काय झाला ता तुका म्हायत नाय. थोडे दिवस तू हय येव नको. मगे बघू."

"बरा," धनेश म्हणाला. ते त्याने मान खाली घालून घेतलं.

दुकानातलं सगळं, जान्हवीचंही, त्याने संचिताला फोनवर सांगितलं. दोन दिवसांनी ती आली, न कळवता, दुपारच्या एसटीने. धनेशने काही विचारायच्या आधीच म्हणाली, "गाडी काढा. जान्हवीकडे जावचा आसा." गुरूचं घर बाजाराच्या मागे होतं. धनेश गल्लीच्या तोंडाशी गाडीवर बसून राहिला. संचिता आत गेली. दार लोटलेलं.  मग बऱ्याच वेळाने जान्हवीचा रडका आवाज, मग संचिताचा, हळू. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. एक म्हातारा बैलासाठी गवताचा भारा घेऊन गेला. शेवटी दार उघडलं आणि संचिता बाहेर आली. दारात जान्हवी उभी होती आणि तिने धनेशकडे बघून किंचित मान हलवली.

संचिता मागे बसली. गाडी सुरू झाली. आत काय बोलणं झालं, आपलं नाव कितीदा निघालं, गुरूचं निघालं का, ती त्याच्याबद्दल काय म्हणाली, हे सगळं धनेशच्या जिभेवर येऊन थांबलं होतं. बाजार संपला, पूल आला, खाडीवरून वारा लागला. प्रश्न अजून तिथेच होते.

"बर्फ घेवक होयो मा?" त्याने विचारलं.

"घेवया," ती म्हणाली. "उद्या देवबागवाल्यांका जास्त माल व्हयो आसा." आणि मग, तो विचारत नाही हे तिच्या लक्षात आलं असावं, म्हणून की काय, तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गुरू त्या दिवशी दुकानात सांगत होता ती शाळेतल्या मास्तरांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.